माईकची पेटी

माई वारली, त्या संध्याकाळी ती स्वतः लालबागच्या मिरची गल्लीत बेडगी मिरचीच्या देठांवरून दुकानदाराशी भांडत होती. "मिरची विकतोस की देठं?" हा तिचा सवाल अर्ध्या गल्लीने ऐकला. आपण वारलो आहोत हे तिला कळायला उशीर झाला, कारण ती बातमी आधी गावाला गेली आणि मग तिथून उलटी चिंचपोकळीला आली. आणि ती गावाला धाडली कोणी? मी! तीही अगदी मापांसकट!

माई म्हणजे माझी चुलती. काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची बेताची आणि आवाज असा की तिने दुसऱ्या मजल्यावरून "पक्याऽऽ" म्हटलं की रस्त्यावरचे चार अनोळखी प्रकाशही वर बघतात. चाळीतल्या महिला भजनी मंडळाची ती बुवा. म्हणजे पेटीवर बसून भजन सांगणारी. (आमच्या मालवणी मुलखात पेटी म्हणजे हार्मोनियम. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.)

तर या मंडळाला गावच्या देवळातल्या उत्सवाचं आमंत्रण आलं होतं. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं! अहो, त्या देवळात बाईने बुवा म्हणून पेटीवर बसायची रीतच नव्हती. माई लग्न होऊन त्या गावात आली तेव्हापासून भजनाला मागच्या खांबाआड बसायची. बुवा चुकला की खांबामागून हळूच सूर लावायची. सगळ्या गावाला ऐकू जायचा, पण कोणी वळून बघायचं नाही. आता खुद्द तात्याने, म्हणजे आमच्या भावकीतल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाने, फोन करून सांगितलं होतं, "माई, यंदाची बारी तुझी. खांबाच्या पुढे बस." फोन ठेवल्यावर माई बराच वेळ नुसती पदराने चष्मा पुसत बसली होती. मला तर गलबलूनच आलं.

आणि या सोहळ्यासाठी मंडळाने दोन नवे कोरे माईक घेतले होते. ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर.

मी विमा कंपनीत वरिष्ठ सहायक आहे. जोखीम म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. माईकला धूळ, धक्का आणि ओल या तिन्हींपासून धोका, हे ओळखून मी ते घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. डबा रिकामा होता. आदल्या आठवड्यापर्यंत त्यात सुकट होती, एवढंच.

पुढच्या तालमीला माईने माईक तोंडाशी नेला, डोळे मिटले, "हे गजवदनाऽऽ" म्हणायला श्वास आत ओढला आणि तो तसाच बाहेर सोडला.

"पक्या! ह्याका कसलो वास येता?"

"नव्याचा असेल, माई."

"नव्याचो? शिरा पडो तुझ्या तोंडार! देवाच्या नावाक तोंड उघडलंय तर सुकट घुसली माझ्या नाकात!"

अख्खं मंडळ आळीपाळीने माईक हुंगत होतं. सावंतवहिनी म्हणाल्या, "जवळाच वाटतोय." माईने माईक खाली ठेवला आणि निकाल दिला, "हे माईक धुऊन-पुसून नीट पेटीत घालून आण. नायतर मी देवळात तोंड उघडूचंय नाय. माका खांबामागे बसाची सवय आसा."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. शनिवारी रात्रीची बस होती. आजवर जे झालं नाही ते होऊ घातलं होतं आणि मध्ये आडवी आली होती माझी सुकट!

माझी बायको सुलभा म्हणाली, "एवढं काय त्यात? माई लोकरीची दोन टोपरी विणेल. माईकला घालायची आणि पिशवीत ठेवायचे."

"टोपरी?" मी हसलो. जरा जास्तच हसलो. "अगं, हे प्रोफेशनल काम आहे. त्याला हार्ड केस लागते, आत फोम लागतो. फोमची घनता बघावी लागते. तुला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं," ती म्हणाली आणि भांडी जरा मोठ्याने घासू लागली.

मी तीन संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघून फोम या विषयात तयार झालो. मग दादरला एका गाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी पाहिजे?"

"दोन आहेत," मी म्हणालो. "डोकं जड, खाली निमुळते होत गेलेत."

"जुळे?"

"एकाच कंपनीचे. डोक्याला धक्का लागता कामा नये. अंगाच्या आकाराचा खड्डा पाडून त्यात झोपवायचेत."

त्याने मला आधी पाणी दिलं, मग फोम दाखवला. मी प्रत्येक फोमवर अंगठा दाबून तो किती वेळात वर येतो ते बघत होतो, शेवटी एकावर बसूनही पाहिलं. जो घेतला तो करड्या रंगाचा, आधीच चौकोनांत कापलेला होता. हवे तेवढे चौकोन उपटायचे की झाला माईकच्या आकाराचा खड्डा. मी तो गुंडाळून खांद्यावर टाकून घरी आणला, तेव्हा माई म्हणाली, "गादी आणलंस ती बरी झाली. माझी पाठ दुखता."

आता राहिली पेटी. खरं तर दोन माईकना वीतभर खोका पुरला असता. पण माझ्या डोक्यात आलं, माईक आहेत तर स्टँडही जाणार. स्टँड वेगळे कशाला? एकाच पेटीत सगळं बसवू. मग वायरी. मग माईची पेटी ठेवायचा पाट. आराखडा वाढत गेला. शेवटी पेटीची लांबी झाली पाच फूट दोन इंच! मी तो कागद सुलभाला अभिमानाने दाखवला.

"यात दोन माईक ठेवणार?"

"भविष्याचा विचार करावा लागतो, सुलू."

"कोणाच्या भविष्याचा?" ती म्हणाली. तेव्हा मला ते साधं बोलणं वाटलं.

शुक्रवारी दुपारी हाफ डे टाकून मी आमच्या स्टेशनजवळच्या शेलारांच्या कारखान्यात गेलो. शेलार वाद्यांच्या आणि साउंडवाल्यांच्या पेट्या बनवतात. प्लायवूडवर काळा पत्रा आणि कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक कापायचं यंत्र. ते यंत्र सुरू झालं की माणसाला स्वतःचे विचारही ऐकू येत नाहीत. त्यांच्याकडे कोणीतरी रद्द केलेली एक लांबलचक पेटी तयारच होती, फक्त माझ्या मापाला कापून आत फोम बसवायचा होता.

मी नेमका बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात गावाहून तात्याचा फोन.

"पक्या, तात्या बोलतंय. उद्या निघतास मा? माई बरी आसा मा? दुपारपासून फोन करतंय, उचलना नाय."

(माई बाहेर जाताना फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवते. मोबाइल बाहेर नेला की हरवतो, असं तिचं ठाम मत आहे.)

"तात्या, एक मिनिट हं, थांबा. महत्त्वाचं काम चाललंय," मी म्हणालो, फोन हातात धरला आणि शेलारांकडे वळलो. पुढचं संभाषण मी शब्दशः देतो. मध्ये मध्ये यंत्र चालू होतं, एवढं धरून चाला.

शेलार म्हणाले, "बोला. पेटीत माईक आडवा ठेवायचा की उभा?"

"आडवा! माईक उभा ठेवला तर मान मोडेल."

"हलणार नाही ना?"

"म्हणून तर माईक पट्ट्याने घट्ट बांधायचा. गावाला पोचेपर्यंत अजिबात हलता कामा नये."

"लांबी?"

"पाच फूट दोन इंच."

"एवढी?"

"स्टँडपण—" (घर्रर्रर्र!) "—आत ठेवायचाय."

"उचलणार किती जण?"

"चार. चार कोपऱ्यांना चार हँडल लावा."

"कधी पाहिजे?"

"आजच! उद्या रात्री गावाला न्यायचाय. ठेवून ठेवून वास यायला लागलाय हो. घरातली माणसं नाकाला पदर लावतात."

"मग आत पुड्या टाकून देतो. ओल धरणार नाही, वासही मारणार नाही."

"टाका, टाका. सढळ हाताने टाका!"

मग मी फोन कानाला लावला. "हां, तात्या, बोला." पलीकडून नुसता हुंदका आला आणि फोन बंद. बघतो तर बॅटरी संपलेली. म्हटलं, तात्याला सर्दी झाली असेल. मी शेलारांच्या स्टुलावर बसलो, कटिंग चहा मागवला आणि पेटी होईपर्यंत निवांत बसून राहिलो. आयुष्यात इतकं समाधान मला क्वचितच वाटलं असेल.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपवतो.

आपण म्हणतो 'देवाला', मालवणी माणूस म्हणतो 'देवाक'. आपण म्हणतो 'आईला', तो म्हणतो 'आईक'. आपण म्हणतो 'माईला'. तो काय म्हणणार?

माईक!

आणि आपण म्हणतो 'आडवं ठेवायचं', 'बांधायचं'. मालवणीत तेच आडवा ठेवायचा, बांधायचा असं होतं. तात्याच्या पंचक्रोशीत माईक या वस्तूला लाउडस्पीकरच म्हणतात. अगदी बॅटरीवरच्या लहानशालासुद्धा. तेव्हा तात्याने ऐकलं ते असं: माईला आडवं ठेवायचं. माईला पट्ट्याने घट्ट बांधायचं. पाच फूट दोन इंच. चौघांनी उचलायचं. वास यायला लागलाय.

"पयल्यांदा माका वाटला, बाजाची पेटी करतास," तात्याने मला नंतर सांगितलं. "पण पाच फुटांची बाजाची पेटी कोण वाजवतलो, रे? मगे तू वासाचा बोललंस आणि माका सगळा कळला."

तात्याने आधी सगळ्या भावकीला सांगितलं, मग आमच्या शेजारच्या कांबळेकाकांना फोन लावला. कांबळेकाका पोस्टातून निवृत्त झालेत आणि चाळीत कोणी गेलं की पुढची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पिशवीच आहे. फोन आला, काकांनी आमच्या दाराला कुलूप पाहिलं, सुलभाला दादरला ऑफिसात निरोप दिला, खालच्या चौकात बाकडी मांडून घेतली आणि वाट बघत उभे राहिले.

संध्याकाळी शेलारांची चार माणसं आणि मी, असे पेटी घेऊन चाळीत शिरलो. पेटी रुंद आणि फाटक अरुंद, त्यामुळे चौघांनी ती खांद्यावर घेतली होती. मी पुढे चालत होतो. हातात शेलारांनी दिलेली फोमची उरलेली पट्टी होती.

चौकात ही गर्दी! सगळे उभे. सगळे गप्प. पुरुषांनी टोप्या काढलेल्या, बायकांनी तोंडाला पदर लावलेला. मला भरूनच आलं. एका साध्या पेटीचं चाळीला एवढं कौतुक! मी सगळ्यांना हात जोडले. सगळ्यांनी उलट मला हात जोडले.

कांबळेकाका पुढे आले. माझा खांदा दाबला. आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, तिथलं पाया ठोकायचं यंत्र धाड धाड करत होतं. त्यात काकांचा आवाज दाटलेला.

"प्रकाश, माई (धाड!) कुठे आहे?"

मला ऐकू आलं, माईक कुठे आहे. म्हणालो, "वर. कपाटात."

काका एक पाऊल मागे सरकले. "कपाटात?"

"मग काय करणार, काका? उघड्यावर ठेवला की धूळ बसते. कापडात गुंडाळून खालच्या कप्प्यात कोंबलाय. तोंडाला रुमाल बांधलाय."

"रुमाल कशाला?"

"वास, काका! दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, धूप घातला, पण जात नाही. आधी सुकटीच्या डब्यात होता ना."

मागे सावंतवहिनी मटकन बाकड्यावर बसल्या.

"सुलभाला माहीत आहे हे?" काकांनी अगदी हळू विचारलं.

"तिनेच तर गुंडाळला. तिचं म्हणणं, टोपरं घालून पिशवीत ठेवू. मीच म्हटलं, नाही, हे काम नीट व्हायला पाहिजे."

काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. एवढ्यात टॅक्सीतून सुलभा उतरली. तिने पेटी पाहिली आणि हंबरडाच फोडला. मला वाटलं, पेटीचा आकार पाहून रडतेय.

"अगं, रडू नकोस. कमी करता येईल," मी म्हणालो. "शेलार म्हणालेत, एका बाजूने कापून देतो."

"सकाळी मला डब्यात भाकरी बांधून दिली होऽऽ," ती रडत म्हणाली.

कोण कोणाला भाकरी बांधून देतं आणि त्याचा पेटीशी काय संबंध, हे मला कळेना. मी सुलभाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. आणि गर्दीला मागून कोणीतरी ढकलू लागलं.

"सरा गो, सरा. माका जिन्यापर्यंत जाऊंदेत. हातात वजन आसा."

माई! एका हातात मिरच्यांची पिशवी, दुसऱ्या हातात धण्यांची. तिने बाकडी पाहिली, पेटी पाहिली, रडणारी सुलभा पाहिली आणि दोन्ही पिशव्या खाली ठेवून डोक्यावरून पदर घेतला. डोळ्यांत लगेच पाणी. कांबळेकाकांकडे वळून तिने विचारलं, "कोण गेला हो?"

चाळीतली निदान पन्नास मरणं काकांनी हाताळलीत, पण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"तुम्ही," काका म्हणाले.

पुढची पाच मिनिटं मी वर्णन करू शकत नाही. शेलारांच्या माणसांनी पेटी खाली ठेवली, खरं तर टाकली. सावंतवहिनींना कांदा हुंगवावा लागला. सुलभा माईच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून रडली. माझ्याकडे सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं, आणि मी काय केलं, तर पेटीचं झाकण उघडून सगळ्यांना फोम दाखवला! लोकांना पुराव्याची गरज आहे, असं वाटलं मला.

माई सावरली ती सगळ्यांच्या आधी. काकांच्या मोबाइलवर गावच्या मंडळींच्या ग्रुपमध्ये तिला वाहिलेली श्रद्धांजली होती. ती तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

"फोटो खंयचो घातल्यानी ह्यो? बारशातलो? ह्याच्यात माझे डोळे मिटलेले आसत!"

"माई, तो मुद्दा नाहीये."

"आणि ह्या सुमनीन नुसते हात जोडल्यान? दरवर्षी माझ्याकडून लोणच्याची बरणी नेता. दोन शब्द लिवूक हात मोडले काय तिचे?"

मग तिचा चेहरा बदलला. मोबाइल काकांच्या हातात देत ती हळूच म्हणाली, "पक्या, भावकीन आंघोळी केल्यानी असतीत."

मी पेटीचं झाकण हळूच बंद केलं. कारण आंघोळी केल्या म्हणजे सुतक धरलं. सुतक धरलं म्हणजे आमच्या भावकीला देवळाची पायरी चढता येणार नाही. म्हणजे पालखीला खांदा नाही, उत्सवाचा मान नाही आणि भजनाची बारी नाही. माई स्वतःच्याच सुतकामुळे स्वतःच्या भजनाला मुकणार होती! सगळं आयुष्य खांबामागे काढलं आणि आता खांबापुढे जायची वेळ आली तर तिला मीच मारून ठेवली. मला माझी स्वतःची इतकी चीड आली की ती पेटी तिथेच लाथेने फोडावीशी वाटली. (नंतर एकदा लाथ मारून पाहिली. पेटीला काही झालं नाही. पायाला झालं.)

काकांच्या फोनवरून तात्याला लावला. स्पीकरवर.

"तात्या, माई जिवंत आहे."

"पक्या, मनाचो धीर सोडू नको," तात्या म्हणाला. "सुरवातीक असाच वाटता माणसाक."

"तात्या, खरंच आहे! इथे उभी आहे माझ्यासमोर!"

"मगे तर गुरवाक दाखवूक होया तुका."

मी व्याकरण समजावू लागलो. माईक, माईला, माईक. तात्या म्हणाला, "आता बोलबोलून काय? सुतक धरलंव. बारी खालच्या वाडीक दिलंव. देवाक काय सांगू, पक्याची चूक झाली?"

माईने माझ्या हातातून फोन घेतला. "तात्या, मी माई."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग "राम राम राम राम" असा जप सुरू झाला. माईने तीन वेळा समजुतीने हाक मारली, जप वाढतच गेला. मग तिचा तोल सुटला.

"अरे मेल्या तात्या! शिरा पडो तुझ्या तोंडार ती! कानात बोळे घालून फोन घेतास आणि जित्या माणसाच्या नावान आंघोळी करतास? माझ्या तेराव्याच्या जेवणाचा सांगून ठेवलंस काय रे?"

जप थांबला.

"होय," तात्या कोणाला तरी म्हणाला. "माईच ती."

रात्री गावात बैठक झाली. सुतक धरायची रीत सगळ्यांना ठाऊक होती, मागे घ्यायची कोणालाच नव्हती. शेवटी गुरवाने तोडगा काढला की देवाला गाऱ्हाणं घालून खरं काय ते सांगावं. सकाळी तात्याने देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, मुंबयच्या लेकराकडून काय बोलण्यात चूक झाली असात, तर ती पोटात घाल!" आणि सगळा गाव एका सुरात म्हणाला, "होय म्हाराजा!" अशा रीतीने माझा मूर्खपणा अधिकृतपणे देवाच्या पोटात गेला. खालच्या वाडीला दिलेला शब्द मात्र मोडता येईना. मग ठरलं, दोन्ही भजनं समोरासमोर बसवू. एक बारी त्यांची, एक माईची.

शनिवारी रात्री परळला बसपाशी पेटी नेली. ड्रायव्हरने ती पाहिली, मग मंडळातल्या झाडून सगळ्या बायका पाहिल्या आणि हात आडवा केला.

"साहेब, आपल्या गाडीत बॉडी नेत नाही. ॲम्ब्युलन्स करा."

"माईक आहेत हो आत!"

"माई असू दे नायतर ताई. आपला रूल आहे."

शेवटी भर रस्त्यात झाकण उघडलं. त्या एवढ्या करड्या फोमच्या मैदानात मधोमध दोन माईक निजलेले होते. (फोममध्ये खड्डे पाडताना मी स्टँडसाठी जागा ठेवायला विसरलो होतो. स्टँड सुलभाने साडीत गुंडाळून आणले.) ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला. मग त्याने क्लिनरला बोलावून दाखवलं. मग शेजारच्या बसचा ड्रायव्हर आला. पेटी टपावर चढेपर्यंत अर्धा परळ माझे माईक बघून गेला.

आणि उत्सवाच्या रात्री माई बसली. खांबाच्या पुढे. काठापदराची साडी, समोर बाजाची पेटी, तोंडाशी माईक. देऊळ माणसांनी भरून गेलं होतं. काहीजण नुसते ती खरंच जिवंत आहे का, हे बघायला आले होते. तिने माईकवर दोनदा टिचकी मारली, हळूच हुंगला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "आयकाक येता मा? मी माई. जिती आसंय."

देऊळ हसून फुटायचंच काय ते बाकी होतं. मग तिने सूर लावला, आणि हसणारे सगळे गप्प झाले. मागच्या खांबाशी बसलेल्या बाया एकेक करून पुढे सरकत आल्या. तात्या तर उघडपणे रडत होता. मीही रडलो. खालच्या वाडीच्या बुवाने आपली बारी सुरू करायच्या आधी उठून माईच्या पायांना हात लावला. का ते त्याने सांगितलं नाही. माई म्हणते, गाण्यासाठी. सुलभा म्हणते, हात आरपार जातो का ते बघायला.

आता राहिली ती पेटी. आमच्या खोलीत ती उभी राहत नाही, पलंगाखाली जात नाही आणि शेलार परत घेत नाहीत. माईने घरी आल्या आल्या लोकरीची दोन टोपरी विणली, एक गुलाबी, एक पिवळं. ती घालून माईक तिच्या उशाशी पिशवीत झोपतात आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे. उन्हाळ्यात भाचरं राहायला आली, पलंग त्यांना दिला आणि मला जागा उरली ती या पेटीची. झाकण काढून त्यात पडलो आणि खरं सांगतो, फोमची निवड चुकली नव्हती. डोक्याला धक्का नाही, पाठीला आधार. तेव्हापासून मी तिथेच झोपतो. पाय जराही बाहेर येत नाहीत, कारण माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

घरी कोणी नवा पाहुणा आला की पेटीकडे बघून दबक्या आवाजात विचारतो, "ही कोणासाठी?"

सुलभा चहा गाळता गाळता सांगते, "ह्यांचीच आहे. स्वतः जाऊन माप देऊन करून घेतलीय."